वाघदेवावरचा पत्रा

लखमा,

तुझ्याबद्दल लिहून दे, असं सांगायला माझ्याकडे दोन माणसं आली. पहिले आमच्या चाळीतले अण्णा. माझ्या वडिलांना शिरपूरहून इथे आणून सूत कारखान्यात मशीनवर लावणारे मुकादम अण्णा. ते म्हणाले, "पोऱ्या, तू कॉलेजमां शिकस. एक कागद लिही दे. आपली बाजू लिधी म्हनीसन त्याच्याच लोकेस्नी त्याले मारं, असं लिही." दुसऱ्या दिवशी किलवणीचे भाई आले. स्थानिकांना आधी नोकरी द्या म्हणून सभा भरवतात, ते. खाटेवर न बसता दारातच उभे राहून म्हणाले, "तू एनो दोस्त ने? मग लिही. बाहेरच्यांनी आमचा पोरगा मारला. नाक्यावर बोर्ड लावू, तुझं नाव पण टाकू खाली."

दोघांचं म्हणणं एकच होतं, तू त्यांचा होतास. मला दोघांचंही पहिलं वाक्य लिहिता आलं नाही, म्हणून हे तुलाच लिहितो आहे. तुला वाचता येणार नाही हे मला कळतं. पण तुझ्याशी भांडताना माझं डोकं जरा बरं चालायचं. एकट्याने विचार करायला मला अजून जमत नाही.

आपण सिल्वासाच्या मराठी शाळेत एका बाकावर बसलो, कारण वर्गात आपल्या दोघांनाच मराठी येत नव्हती. मला अहिराणी येत होती, तुला वारली. बाई रत्नागिरीकडच्या होत्या. त्या बोलायला लागल्या की कुणीतरी पुस्तक वाचतंय असं वाटायचं. हजेरीत त्यांनी तुझं नाव लक्ष्मण लिहिलं होतं. त्यांनी "लक्ष्मण" असं पुकारलं की कोण हा लक्ष्मण म्हणून तू मागे वळून बघायचास. वर्ग हसायचा. तूही हसायचास, पण हजर आहे असं म्हणायचा नाहीस. बाईंना पुन्हा एकदा पुकारायला लावायचास.

माझ्या आडनावाची तू फार चेष्टा केलीस.

"पाटील म्हणे! गावाला जमीन किती रे?"

"नाही."

"मग कसला रे पाटील तू?"

"तुझी कुठे आहे?"

"माझ्या काकाची तुमच्या चाळीखाली आहे. उचल चाळ, दाखवतो."

यावर मी दर वेळी हसलो आहे. तुझ्या काकांनी ते शेत भाड्याने दिलं, त्या बदल्यात त्यांना कारखान्यात वॉचमनची नोकरी मिळाली आणि काही वर्षांनी ती गेलीही, हे मला माहीत होतं. माहीत असूनही हसू यायचं, कारण तूच ते हसत सांगायचास. आता आठवून बघतो तर शेवटच्या वर्षा-दोन वर्षांत तू ते वाक्य बोललेलं आठवत नाही. विनोद कधी बंद झाला, ते माझ्या ध्यानात आलं नाही.

त्या शेताच्या बांधावर तुमच्या गावाची शीव होती आणि शिवेवर वाघदेव. तासलेलं सागाचं लाकूड, वर सूर्य आणि चंद्र, खाली वाघ, सगळ्यावर जुना शेंदूर. आम्ही राहायला आलो तेव्हा तो उघड्यावर होता. खोलीच्या मागच्या दारातून तो दिसायचा. आई सकाळी भांडी घासायला बसली की आधी त्याला हात जोडायची. देव कुणाचा, असा प्रश्न तिला पडला नाही. समोर देव आहे, एवढं तिला पुरेसं होतं.

मग सुनीला ताप आला. माझी धाकटी बहीण. पावसाचे दिवस, सरकारी दवाखान्यात सांगितलं की वलसाडला न्या, आणि पुलावरून पाणी, म्हणून रस्त्यातूनच परत फिरावं लागलं. आई त्या पावसात बांधावर गेली आणि लाकडाला मिठी मारून बोलली, माझी पोर उठू दे, तुझ्या डोक्यावर सावली करीन. सुनी उठली. पुढच्याच महिन्यात वडिलांनी कारखान्याच्या भंगारातून पत्रे आणले, अण्णांनी खांब दिले आणि वाघदेवावर छप्पर झालं.

तू मला कितीदा विचारलंस, तुम्ही गावाला विचारलं का नाही? मी आईला विचारलं तेव्हा ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "देवले कबूल करेल से. मानसेस्ले कसाले इचारू?" देवाला शब्द दिल्यावर माणसांची परवानगी मागणं तिला पापासारखं वाटलं असतं. हे मी तुला सांगितलं. तू म्हणालास, "तुझी आई खरी आहे. त्याचाच तर त्रास आहे. चोर असती तर बरं झालं असतं."

पहिल्या वर्षी कुणी काही बोललं नाही. तुझे वडील येऊन बघून गेले आणि म्हणाले, "बरा केलाय." मी ते कौतुक समजून घरी सांगितलं, आई किती खूश झाली. तू पुढे कधीतरी मला सांगितलंस, की चाळ उभी राहिली तेव्हाही बाबा "बरा केलाय" असंच म्हणाले होते. त्यांना जिथे काही करता येत नाही, तिथे ते तसं म्हणतात.

पत्र्याखाली मग ओटा झाला. ओट्यावर फरशी आली, घंटा आली. कुत्री येऊन बसतात म्हणून जाळीचं दार बसलं, दाराला कुलूप, आणि किल्ली अण्णांच्या खोलीत खिळ्याला. शेवटी पाटी आली. दारू पिऊन येऊ नये, मांसाहारी नैवेद्य आणू नये. यातली प्रत्येक गोष्ट कुणीतरी श्रद्धेने केली होती, हे मी शपथेवर सांगू शकतो. मी तिथेच राहत होतो.

त्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर वाघदेवाच्या सणाला, वाघबारशीला, तुमचा गाव कोंबडं आणि ताडी घेऊन आला. अण्णांनी कुलूप काढलं, हात जोडले, सगळ्यांना या या म्हणाले, आणि ताडी तेवढी बाहेर ठेवायला सांगितली. तुमचे भगत, रावजीबाबा, मागे फिरले आणि बांधावर बसले. तिथूनच, उघड्यावर बसून, त्यांनी पूजा केली. गाव त्यांच्यामागे बसला. आमच्या बायका फरशीवर उभ्या राहून बघत होत्या.

मी तुला म्हणालो, "बघ, काही भांडण झालं नाही."

तू म्हणालास, "आमचा वाघ शीव बघायला फिरतो. तुम्ही त्याला कोंडलात आणि वर म्हणता भांडण नाही."

कॉलेजात गेल्यावर आपल्या भांडणाला पुस्तकी शब्द मिळाले. वापीहून गाडी पकडून डहाणूकडे जायचं, तास संपले की स्टेशनात बसून वाद घालायचा. सरांनी राज्यशास्त्राच्या तासाला प्रश्न दिला होता, एकाच राज्यात राहणाऱ्या समूहांमध्ये संघर्ष का होतो, कारणे सांगा. मी रात्रंदिवस वाचून कारणं काढली. भाषा, जमीन, रोजगार, जुना अन्याय, आणि नेतृत्व. मला नेतृत्वाचं कारण सगळ्यात पटलं होतं. माणसं एकमेकांच्या शेजारी राहतात, एकमेकांचं खातात, मग कुणीतरी येऊन त्यांना तुम्ही वेगळे आहात असं सांगतं. किलवणीत भाई सभा घ्यायला लागले आणि चाळीत अण्णा, त्याआधी काय होतं? मी तुला ते फार आवेशाने सांगितलं.

तुला राग आला. खरा राग. तू म्हणालास, "म्हणजे भाई आले नसते तर मला काही वाटलंच नसतं? माझा रागसुद्धा मला दुसऱ्याने आणून द्यायचा? माझ्या काकाची जमीन भाईंनी घेतली का?"

"तसं नाही रे. पण तू माझ्या घरी जेवतोस, मी तुझ्या घरी."

"जेवतो. आणि रागही येतो. दोन्ही मीच."

त्या उन्हाळ्यात कारखान्याचं एक खातं बंद झालं, माणसं कमी झाली, आणि फाटकावर किलवणी-रांधा अशा आसपासच्या गावांच्या पोरांना सांगायला लागले, लोकल नको, लोकल भात कापायला पळतो. तू सुट्टीत काम मागायला गेला होतास. अण्णांनी तुला ओळखलं. आमच्या पोराचा मित्र म्हणून टपरीवर चहा पाजला आणि परत पाठवलं. संध्याकाळी मी त्यांना विचारलं तेव्हा ते म्हणाले, "आरे, मी मन्हा गावना पोरेस्ले मशीन शिकाडस. त्यास्ले कोन शिकाडी? ते मन्हं काम से का?" त्यांचं चूक होतं असंही मला ठामपणे म्हणता आलं नाही. त्यांनी माझ्या वडिलांनाही तसंच शिकवलं होतं, त्यावरच मी कॉलेजात गेलो.

मुंबईच्या दंगलीच्या बातम्या आपण तुमच्या ओट्यावर रेडिओला कान लावून ऐकल्या. तू म्हणालास, तिथे निदान दोन देव आहेत. इथे देव एकच आहे, तरी आपण त्याच्यावरून भांडणार.

आणि खरंच भांडण जवळ यायला लागलं. भाईंच्या सभेत वाघदेवाचं नाव निघालं. देव सोडवा, असं भिंतींवर आलं. चाळीत अण्णांनी पोरांना जाळीपाशी पहाऱ्याला बसवलं. जी पोरं तीन वर्षांत कधी आरतीला उभी राहिली नव्हती, ती काठ्या घेऊन देवाचं रक्षण करायला बसली. तुमच्याकडची जी पोरं सिल्वासाला सिनेमा बघण्यात वाघबारस विसरायची, ती देवासाठी जीव देऊ म्हणायला लागली. त्या दिवसांत मला सारखं वाटायचं, पत्रा नसता तर हे दुसऱ्या कशावरून तरी भांडलेच असते. तू म्हणायचास, असेल. पण आत्ता पत्रा आहे, आत्ता पत्रा काढूया.

पत्रा काढणं म्हणजे माझ्या आईचा नवस मोडणं होतं. ते आपल्या दोघांनाच कळत होतं. भाईंना ते देऊळ दिसत होतं, अण्णांना मान. आईला त्या पत्र्याखाली सुनी दिसत होती. पत्रा हलला की पोरीला ताप येईल, ती तिथल्या तिथे जाईल, अशी तिची पक्की समजूत. मी तिला अंधश्रद्धा वगैरे सांगायला गेलो. ती म्हणाली, "तू व्हतास का वलसाडना रस्तावर? मी व्हती."

तू म्हणालास, "तिला तू समजावू नको. देवाला सांगू दे."

रावजीबाबांकडे जायची कल्पना तुझी. मी आई आणि सुनीला घेऊन दुपारी तुमच्या पाड्यावर आलो. आई डोक्यावर पदर घेऊन अंग चोरून बसली होती. भगताचं घर, आणि बाहेर ताडीचा वास. रावजीबाबांनी सुपात तांदळाचे दाणे टाकले, बघितले, आणि आईला विचारलं, "काय बोललीस देवाला? बोललीस तसाच सांग."

आई तिच्या भाषेत बोलली, ते त्यांच्या. मी मध्ये पडून सांगायला लागलो तर बाबांनी मला हाताने गप्प केलं. त्यांना कळत होतं.

"मन्ही पोर उठू दे, तुन्हा डोकावर सावली करसू, असं बोलनू."

"केलीस सावली?"

"करी."

"किती दिस करीन बोललीस?"

आई गोंधळली. "तसं काय बोलनू नही."

"मंग झाला. तीन पावसाळं सावलीत बसला. आता त्याला ऊन पायजे. तुझा नवस फिटला, बाय."

आईने दाण्यांकडे बघितलं, मग बाबांकडे. "पोरले काय व्हवाव नही ना?" बाबांनी सुनीला जवळ बोलावून कपाळाला राख लावली. म्हणाले, "ही आता आमचीपन पोर." आई तिथे रडली. घरी येताना ती तुझ्या आईच्या हातची नाचणीची भाकर पदरात बांधून आली. त्या दिवशी मला वाटलं, सरांच्या प्रश्नाचं उत्तर मला सापडलं. किती भाबडेपणा!

आईने दोन गोष्टी मागितल्या. पत्रा देवाच्याच माणसाने काढावा, आमच्यातल्या कुणी त्याला हात लावून काढू नये. आणि तो जमिनीवर पडू नये, हातोहात खाली यावा. तू लगेच म्हणालास, "मी चढतो. काकी, तुमच्या पत्र्याला ओरखडा पडणार नाही."

इथे मला तुझ्याशी भांडायचं आहे. मेलेल्या माणसाला तू चुकलास असं कसं म्हणायचं, मला माहीत नाही, पण म्हणतो. मी म्हणत होतो, चार दिवस आधी सगळ्यांना सांगू. रावजीबाबांना चाळीत आणू, आईलाच सांगू दे सगळ्यांपुढे. तू नको म्हणालास. म्हणालास, गाजावाजा झाला की भाई जीप घेऊन येतील, अण्णा पोरं घेऊन येतील, गुपचूप काढू, वाघबारशीच्या सकाळी सगळ्यांना देव मोकळा दिसेल, मग कोण काय बोलणार. लखमा, वर्षभर तू मला सांगत होतास की पुढाऱ्यांमुळे काही होत नाही, राग आपलाच असतो. मग त्यांची एवढी भीती तुला का वाटली? तू मनातून माझंच म्हणणं मानत होतास का? की तुलाही शेवटी कळेना झालं होतं? हे मला तुला विचारायचं होतं. त्या सकाळी विचारणारही होतो. वाटलं, पत्रे उतरवून झाले की चहा घेताना विचारू.

आदल्या संध्याकाळी आईने अण्णांच्या बायकोकडून किल्ली आणली, दिवा लावायचा आहे म्हणून. सकाळी आपण सहा जण होतो. रावजीबाबा बांधावर, आई आणि सुनी जाळीपाशी, तुझे वडील, तू आणि मी. मी शिडी धरली. तू पाना कमरेला खोचून वर गेलास. पहिला पत्रा सुटला. तू तो तिरका करून खाली दिलास, मी आणि तुझ्या वडिलांनी झेलला, आईने त्याला हात लावून कपाळाला लावला. पत्रा निघाला तिथून ऊन थेट वाघावर पडलं. शेंदूर एकदम नवा दिसायला लागला. रावजीबाबा हसले, मी त्यांना हसताना पहिल्यांदा बघितलं.

दुसऱ्या पत्र्याचा बोल्ट गंजला होता. पाना मारल्याचा आवाज लांबपर्यंत गेला असणार. रात्रपाळी सुटून चाळीकडे येत होती. कुणीतरी ओरडलं, आदिवासी देऊळ पाडायला आले. त्याच वेळी रांध्याच्या रस्त्याने वाघबारशीला निघालेली पोरं येत होती. त्यांनी ओट्यावर चाळीतली माणसं आणि खाली उतरलेला पत्रा बघितला आणि तेही ओरडले, चाळवाले देव उपटतायत. हे मला नंतर कळलं. तेव्हा नुसता आवाज ऐकू आला, दोन्हीकडून. दोन्ही बाजू देवाला वाचवायला धावत होत्या. आई हात वर करून ओरडत होती, मीच सांगितलं, मीच सांगितलं. तिचं कुणी ऐकलं नाही.

तू वरून म्हणालास, "शिडी सोडू नको हां, पाटला. मी उतरून सांगतो त्यांना."

मी शिडी धरून वर बघत होतो. तुझ्या पायाकडे, तू कोणत्या पायरीवर पाय ठेवतोस तिकडे. दगड मला दिसला नाही. तुझं डोकं एका बाजूला झटका बसल्यासारखं हललं आणि तू पत्र्यावर आडवा झालास, मग पत्र्यावरून घसरलास. पत्रा पडला नाही, एका बोल्टवर लटकत राहिला. तू पडलास.

जीपमध्ये वलसाडच्या वाटेवर तुझं डोकं तुझ्या वडिलांच्या मांडीवर होतं. त्या पुलावर या वेळी पाणी नव्हतं, रस्ता मोकळा होता. तरी आपण पोचलो नाही.

त्या दिवसापासून मला सगळे एकच विचारतात, दगड कुठून आला? चौकशीला आलेल्या साहेबांनी विचारलं. अण्णांनी विचारलं आणि उत्तरही दिलं, शेताकडून. भाईंनी विचारलं आणि उत्तरही दिलं, चाळीकडून. मी खरं सांगतो, मी वर बघत होतो. साहेब म्हणाले, आठवून सांग. अण्णा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, वडिलांची पाळी बदलली. रांध्याच्या पोरांनी रस्त्यात अडवून विचारलं, मित्र म्हणवतोस आणि लपवतोस? ज्याला दगड दिसला नाही असा एकच माणूस तिथे होता, आणि त्याच्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. शेकडो लोकांना तो दिसला. प्रत्येकाला समोरच्या बाजूने येताना.

आता कुंपण झालं आहे. चाळीभोवती तारा आणि नाक्यावर भाईंचा बोर्ड, ज्याच्यावर तुझं नाव लक्ष्मण लिहिलं आहे. वाघदेवापाशी दोन शिपाई बसतात. निम्म्यावर पत्रा आहे, निम्मा उघडा. कुणालाही हात लावायची परवानगी नाही. सरांनी मला तो प्रश्न पुन्हा लिहून आणायला सांगितलं, म्हणाले, तू तर जवळून पाहिलंस. मी कारणं लिहायला घेतली. सगळी खरी होती. जमीन खरी, नोकरी खरी, भाषणं खरी, बाहेर ठेवलेली ताडी खरी. पण ती सगळी तीन वर्षं होती आणि तीन वर्षं आपण जेवत होतो. मग त्या सकाळी काय झालं? मला वाटतं, आपल्यातलं कुणी कुणाला काय बोललं हे त्या दोन जमावांपैकी कुणालाच माहीत नव्हतं, आणि माहीत करून घ्यायची त्यांना गरजही वाटली नाही. कदाचित हेच कारण असेल, कदाचित हे कारणच नसेल. तू असतास तर लगेच खोडून काढलं असतंस. मी वही मिटून ठेवली.

तुझ्या दिवसाला मी आलो. चाळीतून एकटाच. तुमच्या पाड्यावरच्या वाटेवर पोरं उभी होती, त्यांनी मला आत सोडायला नकार दिला. तुझे वडील स्वतः आले आणि माझा दंड धरून घेऊन गेले. अंगणात त्यांनी एवढंच विचारलं, "तू बघितला?" मी म्हणालो, "नाही, बाबा. मी त्याच्याकडे बघत होतो." त्यांनी माझा दंड सोडला. मग म्हणाले, "बस." माझ्यावर विश्वास ठेवणारे तेच एक.

तुझी आई चुलीपाशी होती. तिने मला कोरा चहा दिला. मी तिच्या पाया पडलो, मला रडू आलं, मला काहीतरी बोलायचं होतं, आईचा निरोप होता. आईने सांगितलं होतं, तिला सांग, मी येऊ का ते विचार. मला ते विचारता येईना. तुझ्या आईनेच विचारलं, "पोर कशी हाय तुमची?"

मी म्हणालो, सुनी बरी आहे. आई तिच्या कपाळाला रोज हात लावून बघते.

तुझी आई जाळ पुढे सारत राहिली. मग म्हणाली, "तुझ्या आयेला सांग, आता पोरीला काय नाय व्हायाचा. देवानं घेतला त्याचा."

लखमा, मी ते वाक्य घेऊन चालत घरी आलो. तिने ते धीर द्यायला म्हटलं. तिचा चेहरा मी बघितला, त्यात दुसरं काही नव्हतं. माझी खात्री आहे. पण पत्रा देवाच्या माणसाने काढावा, असं माझ्या आईने मागितलं होतं. तिच्या शब्दावर तू शिडी चढलास. हे वाक्य ती ऐकेल तेव्हा तिला त्यात काय ऐकू येईल, ते मला माहीत आहे.

आई दारात उभी होती. तेव्हापासून ती रोज विचारते, पोळ्या करताना, पाणी भरताना, सुनीची वेणी घालताना, "लखमानी माय काय बोलनी रे?"

मी सांगतो, "चहा दिला तिने."